तिजोरीची किल्ली आणि सभागृहातली खुर्ची : फिलिपिन्सच्या प्रांतसंघाचा धडा

विकेंद्रीकरणाचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, सत्ता आणि पैसा जितका खाली येईल तितके गरिबाचे भले. दुसरे मत म्हणते, खाली आलेली सत्ता गावच्या धनदांडग्यांच्याच खिशात जाते, त्यापेक्षा वरचे सरकार परवडले. दोन्ही मते अनुभवातून आलेली आहेत. गंमत अशी की दोन्ही बाजू बाबासाहेबांचाच आधार घेतात.

आधार दोघांनाही सापडतो. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथात बाबासाहेबांनी प्रांतांच्या तिजोरीचा इतिहास मांडला. 1871 पासून प्रांतांना आधी ठरावीक रकमा नेमून दिल्या गेल्या, मग काही महसूल नेमून दिला गेला, मग महसुलात वाटा ठेवला गेला. पण कायद्याच्या दृष्टीने तिजोरी एकच राहिली आणि ती केंद्राची होती. प्रांत खर्च करत होते, पण केंद्राच्या मर्जीने. हेच बाबासाहेब 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत गावगाड्याच्या गौरवावर कठोर प्रहार करतात आणि गाव नव्हे तर व्यक्ती हा संविधानाचा घटक मानला याचे समाधान व्यक्त करतात.

आमच्या मते या दोन भूमिकांत विसंगती नाही. एक भूमिका विचारते, तिजोरीची किल्ली कोणाकडे? दुसरी विचारते, सभागृहातल्या खुर्चीवर कोण बसले आहे? पहिला प्रश्न सोडवून दुसरा सोडून दिला तर काय होते, हे एका देशाच्या अलीकडच्या इतिहासात लख्ख दिसते. तो देश म्हणजे फिलिपिन्स. तिथल्या प्रांतांनी आपला संघ बांधला आणि केंद्राच्या तिजोरीशी दोन हात केले. ती लढाई आपण नीट समजून घेतली पाहिजे.

हुकूमशाहीच्या राखेतून आलेला कायदा

फिलिपिन्स हा हजारो बेटांचा देश. आज तिथे 82 प्रांत आहेत आणि प्रत्येक प्रांताचा गव्हर्नर थेट लोकांतून निवडला जातो. पण तीनशेहून अधिक वर्षांच्या स्पॅनिश राजवटीपासून निर्णय आणि पैसा राजधानी मनिलाकडेच राहिला. अमेरिकी राजवटीतही हे मूळ चित्र पालटले नाही. 1972 मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा तर स्थानिक कारभारी राष्ट्राध्यक्षांच्या कृपेवर जगू लागले. राजधानीच्या या दादागिरीला तिथले लोक आजही 'साम्राज्यवादी मनिला' म्हणतात.

1986 च्या लोकउठावाने मार्कोस राजवट कोसळली. 1987 च्या नव्या संविधानात स्थानिक स्वायत्ततेसाठी स्वतंत्र प्रकरण आले. स्थानिक शासनांना राष्ट्रीय करांत न्याय्य वाटा मिळेल आणि तो आपोआप त्यांच्या हाती पडेल, असे त्यात लिहिले गेले. या 'आपोआप' शब्दाची किंमत पुढे कळली. या तरतुदींना प्रत्यक्ष रूप देणारा कायदा 1991 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 1992 पासून लागू झाला. त्याचे प्रमुख शिल्पकार सिनेटर अकिलिनो पिमेंटेल. ते कागायन दे ओरो शहराचे महापौर राहिलेले, आणि मार्कोस काळात तुरुंगवास भोगलेले.

कायद्याने इस्पितळे, शेतीविस्तार आणि समाजकल्याण अशी कामे खाली सोपवली. प्रांतिक आणि जिल्हा इस्पितळे प्रांतांकडे आली. त्यासोबत केंद्राच्या अंतर्गत महसुलातला 40 टक्के वाटा स्थानिक शासनांना ठरवून दिला. त्यातले 23 टक्के प्रांतांना, 23 टक्के शहरांना, 34 टक्के नगरपालिकांना आणि 20 टक्के बारांगायांना, म्हणजे वस्तीपातळीच्या शासनांना. मिळालेल्या रकमेतला किमान पाचवा हिस्सा विकासकामांवर खर्च करण्याचे बंधनही घातले.

संघाला कायद्यात जागा

आपल्या विषयाच्या दृष्टीने या कायद्यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. प्रांतांचा संघ ही नुसती नोंदणीकृत संस्था न ठेवता कायद्यातच तिची तरतूद केली गेली. प्रत्येक प्रांताचा गव्हर्नर या संघात प्रतिनिधी. प्रांतांचे प्रश्न मांडणे, त्यावर कायदेशीर मार्गाने उपाय मिळवणे आणि स्थानिक स्वायत्तता वाढवणे हे त्याचे काम. शहरे, नगरपालिका आणि बारांगाय यांचेही असेच संघ झाले.

संघाला दात कुठे मिळाले ते पाहा. देशाची वित्तीय तूट आवाक्याबाहेर गेली तर राष्ट्राध्यक्षांना स्थानिक वाट्यात कपात करता येते. पण त्याआधी संबंधित मंत्र्यांची शिफारस हवी, संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांशी सल्लामसलत हवी, आणि या संघांच्या अध्यक्षांशीही सल्लामसलत हवी. शिवाय कितीही कपात केली तरी वाटा 30 टक्क्यांच्या खाली नेता येत नाही. म्हणजे ज्याच्या ताटातून घास काढायचा, त्याला आधी विचारायचे. साधी गोष्ट आहे, पण ती कायद्यात लिहिलेली असणे आणि नसणे यात जमीनअस्मानाचा फरक पडतो.

हा फरक लवकरच दिसला. 1997 मध्ये आशियाई आर्थिक संकट आले. राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी डिसेंबरमध्ये आदेश काढून स्थानिक वाट्यातले 10 टक्के रोखून धरले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांनी ते प्रमाण 5 टक्क्यांवर आणले, पण रोखण्याचा अधिकार सोडला नाही. पिमेंटेल सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रांतसंघाचे राष्ट्रीय अध्यक्ष, बुलाकान प्रांताचे रॉबर्टो पागदांगानन, यांनीही त्या खटल्यात हस्तक्षेप अर्ज दाखल केला. जुलै 2000 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की पैसा आपोआप द्यायचा म्हणजे द्यायचाच. तो रोखणे घटनाबाह्य आहे. संघांच्या अध्यक्षांशी कायद्याने सांगितलेली सल्लामसलत झाल्याचे दिसत नाही, यावरही न्यायालयाने बोट ठेवले.

केंद्राने दुसऱ्याही वाटा शोधल्या होत्या. 1999 ते 2001 या काळात अर्थसंकल्पातून दरवर्षी स्थानिक वाट्यातले 5 अब्ज पेसो वेगळे काढले आणि ते केंद्रीय समितीच्या अटींवर वाटायचे ठरवले. बातांगास प्रांताचे गव्हर्नर हर्मिलांडो मंडानास यांनी त्याला आव्हान दिले आणि 2004 मध्ये ते जिंकले. हेच मंडानास पुढे आणखी मुळाशी गेले. संविधान 'राष्ट्रीय कर' म्हणते, मग कायदा फक्त अंतर्गत महसूल का मोजतो? सीमाशुल्क त्यात का नाही? 3 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा मान्य केला. 2022 पासून स्थानिक शासनांचा वाटा सर्व राष्ट्रीय करांवर मोजला जाऊ लागला. कायद्यातले दोन शब्द तपासल्याने देशभरच्या प्रांतांची तिजोरी वाढली.

सगळ्याच लढाया प्रांतांनी जिंकल्या असे नाही. बुलाकानच्या गव्हर्नरने दिलेले लघु खाणकामाचे परवाने पर्यावरण खात्याने रद्द केले, तेव्हा प्रांतसंघ स्वतः न्यायालयात गेला. 2013 मध्ये तो हरला. या विषयात केंद्रीय खात्याचे नियंत्रण वैध ठरले. तरी एकंदरीत पाहता पहिल्या प्रश्नाचे उत्तर फिलिपिन्सने बऱ्याच अंशी मिळवले. तिजोरीची एक किल्ली प्रांतांच्या हाती आली.

किल्ली आली, पण कोणाच्या हाती?

आता दुसरा प्रश्न. प्रांतसंघ हा गव्हर्नरांचा संघ आहे. प्रांताच्या आत भूमिहीन शेतमजुराला, आदिवासीला, झोपडपट्टीतल्या बाईला काय मिळते, हे विचारणे त्याच्या रचनेतच नाही. तो केंद्राकडे तोंड करून उभा आहे. त्याची पाठ कोणाकडे आहे, हे आपण पाहिले पाहिजे.

वाटपाचे सूत्रच घ्या. निम्मा पैसा लोकसंख्येवर, पाव हिस्सा भूभागावर, पाव हिस्सा सर्वांना सारखा. गरिबीला त्यात एक टक्काही वजन नाही. इस्पितळांचा भार प्रांतांवर आला, पण प्रांतांना मिळाले तेवढेच 23 टक्के जेवढे शहरांना. स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असलेल्या प्रांतांत इस्पितळांची परवड झाली. 'सर्वांना सारखे' हे सूत्र असमान समाजात कोणाच्या पथ्यावर पडते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्याहून मोठा प्रश्न घराण्यांचा. 1987 च्या संविधानातच राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, पण घराणेशाही म्हणजे काय हे कायद्याने ठरवायचे आहे. आणि कायदा करणाऱ्या संसदेत घराण्यांचेच लोक बसलेले. प्रांतांच्या निवडणुकांना लागू होईल असा कायदा त्यांनी कधी केलाच नाही. आजोबा, मुलगा, सून, नातू असा गव्हर्नरपदाचा प्रवास तिथे नवलाचा नाही.

याचे सर्वांत भीषण रूप 23 नोव्हेंबर 2009 रोजी मागिंदानाव प्रांतात दिसले. गव्हर्नर आम्पातुआन यांच्या घराण्याला आव्हान देणाऱ्या उमेदवाराचा अर्ज भरायला त्याची पत्नी, बहिणी, वकील आणि पत्रकार निघाले होते. त्यांचा ताफा अडवून 58 जणांची हत्या झाली. त्यात 32 जण पत्रकार आणि माध्यमकर्मी होते. निकाल लागायला दहा वर्षे गेली. डिसेंबर 2019 मध्ये गव्हर्नरची मुले दोषी ठरली. त्यांतला एक हत्याकांडाच्या वेळी नगरपालिकेचा महापौर होता, आणखी एक त्या स्वायत्त प्रदेशाचा प्रमुख. एकाच घराकडे प्रांत, नगरपालिका आणि प्रदेश! अशा घराच्या तिजोरीत आपोआप पैसा पडत राहिला, तर त्याला आपण लोकांची स्वायत्तता म्हणायचे का?

कायदा करणाऱ्यांना हा धोका दिसला नव्हता असेही नाही. 1991 च्या कायद्यात प्रत्येक स्थानिक सभागृहात तीन जादा प्रतिनिधी सांगितले होते. एक महिलांचा, एक कामगारांचा आणि एक शहरी गरीब, आदिवासी किंवा दिव्यांग अशा घटकांतला. पण ही तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली. 1997 च्या आदिवासी हक्क कायद्याने स्थानिक सभागृहांत आदिवासींना सक्तीचे प्रतिनिधित्व दिले, त्याचीही वाट सोपी नव्हती. तिजोरीसाठी गव्हर्नर पुन्हापुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. या खुर्च्यांसाठी प्रांतसंघाने तशी लढाई केली नाही. का करेल? त्या खुर्च्या गव्हर्नरांच्या सत्तेत वाटेकरी आणणार होत्या.

आपल्याकडे नेमके उलटे

आता आपल्याकडे वळू. ज्या 1992 साली फिलिपिन्सचा कायदा लागू झाला, त्याच वर्षी आपल्या संसदेने 73 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. अनुच्छेद 243-ड ने अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना सदस्यपदेच नव्हे, तर अध्यक्षपदेही राखून दिली. फिलिपिन्सने जे कागदावर सोडले, ते आपण संविधानात कोरले. बाबासाहेबांचा 1948 चा इशारा इथे थोडा तरी ऐकला गेला.

पण तिजोरीचे काय? अनुच्छेद 243-ह पंचायतींना कर आणि अनुदान देण्याचे काम राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडतो. राज्य वित्त आयोग शिफारस करतो, ती बंधनकारक नसते. किमान इतके टक्के द्यायचेच, असा आकडा संविधानात नाही. निधी कापण्याआधी जिल्हा परिषदांच्या कोणत्याही संघटनेला विचारण्याचे बंधनही नाही. महाराष्ट्रात तर 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. म्हणजे राखीव खुर्च्याही रिकाम्या.

तिथे किल्ली मिळाली, खुर्ची नाही. इथे खुर्ची मिळाली, किल्ली नाही. आपल्या बाई सरपंच होतात, जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होतात, आणि सही करायला बसल्या की कळते, निधी कुठे जायचा हे मुंबईत आधीच ठरले आहे. मग लोक म्हणतात, राखीव जागेवर आलेल्यांना काम जमत नाही. हा दोष व्यक्तीचा नाही. 1925 च्या ग्रंथात दाखवलेलीच ही रचना आहे. खर्च तुमच्या नावावर, तिजोरी दुसऱ्याची.

म्हणून विकेंद्रीकरण हवे की नको, हा वाद आता पुरे. आपली मागणी दोन्ही टोके धरणारी हवी. जिल्हा परिषदांचा राज्याच्या महसुलातला वाटा टक्क्यांत आणि कायद्यात लिहिलेला असावा. त्याच्या सूत्रात वंचिततेला वजन असावे. कपातीआधी स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधी संघाला विचारणे सक्तीचे असावे. आणि त्या संघात राखीव जागांवरून आलेल्या अध्यक्षांना, विशेषतः आपल्या बायांना, हक्काची जागा असावी. नाहीतर उद्या संघ बनेल आणि तोही बड्या घराण्यांच्या पुढाऱ्यांचाच असेल.

आम्ही तरुण कार्यकर्त्यांना एवढेच सुचवतो. पुढच्या बैठकीत राज्य वित्त आयोगाचा अहवाल आणि त्यावर सरकारने विधिमंडळात ठेवलेले कृतिज्ञापन समोर घ्या. आपल्या जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक शेजारी ठेवा. कोणती शिफारस मानली, कोणती गुंडाळली, ते एकेका ओळीत लिहून काढा. मंडानास यांनी संविधानातले दोन शब्द नीट वाचले होते. आपल्याला तर संविधान वाचायला शिकवणारा बाप लाभला आहे.