ओफिओनिया इंडिका

कॅराबिडी (भूभुंगेरे) कुलातील लहान, मांसभक्षक भुंगेरा. थुनबर्ग या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. जुन्या भारतीय कृषिग्रंथांत ती कॅस्नॉइडिया इंडिका या नावाने आढळते. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत भातशेतीच्या प्रदेशांत तिचा प्रसार आहे.

ओळख : लांबी ६–८ मिमी., अंग सडपातळ. डोके काळे, चकचकीत व मागे मानेसारखे निमुळते. वक्ष तांबूस व लांबट. तांबड्या पंखावरणांवर निळसर काळे पट्टे आणि पांढुरके ठिपके असतात. घाईत पाहणाऱ्याला ही मुंगीच वाटते. शृंगिका दोऱ्यासारख्या, ११ खंडांच्या. कीटक उलटा करून भिंगातून पाहिल्यास मागच्या पायांची बुडे पोटाच्या पहिल्या खंडाला दुभागताना दिसतात. ही खूण केवळ या कुलाची नसून ते ज्यात मोडते त्या ॲडेफॅगा उपगणाची होय. रंगावर मात्र फार विसंबू नये : याच वंशातील ओफिओनिया नायग्रोफॅसिआटा ही जातीही भातात राहते व तशीच तांबडी-काळी असते.

खरी गल्लत होते ती पीडेरस या काळ्या-नारिंगी कीटकाशी. तोही तेवढाच लांब, तोही धानात आणि तोही शिकारी. पण त्याची पंखावरणे आखूड असल्याने पोटाचा बराच भाग उघडा राहतो. तो अंगावर चिरडला गेल्यास त्यातील पेडेरिन या द्रव्याने कातडीवर फोड येतात. म्हणून चिमटीत धरण्यापूर्वी पंख पाहावेत.

अधिवास : गोंदिया तालुक्यातील मुर्रीसारख्या धानाच्या गावात हा भुंगेरा शोधायचा तर रोवणीनंतर बांधीत (भातखाचरात) उतरावे. भूभुंगेऱ्यांच्या कुलातला असूनही तो धानाच्या पानांवर सराईतपणे चढतो. पाने गुंडाळणाऱ्या अळीने केलेली सुरळी उलगडली की कधी आत अळीऐवजी हाच सापडतो. प्रौढ व काळी चकचकीत अळी दोन्ही शिकार करतात. एक कीटक दिवसाला ३ ते ५ अळ्या फस्त करतो. प्रौढ भुंगेरा तुडतुडेही खातो. गादमाशीचा शत्रू म्हणूनही त्याची नोंद आहे.

पाण्याने भरलेल्या बांधीत कोशावस्थेला कोरडी माती मिळत नाही. अळी त्यासाठी धुऱ्याच्या (बांधाच्या) मातीत शिरते. साहजिकच धुरे खरडून साफ केल्यास किंवा सरसकट कीटकनाशक फवारल्यास तुडतुड्यांबरोबर त्यांचा हा शत्रूही मरतो.