मेरुरज्जूभोवतीचा उत्स्फूर्त रक्तस्राव

मार लागलेला नसताना, पाठीत सुई टोचलेली किंवा शस्त्रक्रिया झालेली नसताना पाठीच्या कण्याच्या पोकळीत रक्त साचून मेरुरज्जू दाबला जाणे. हे रक्त बहुधा दृढतानिका, म्हणजे मेरुरज्जूचे बाहेरचे चिवट आवरण, आणि मणक्याचे हाड यांच्यामधल्या फटीत साचते. विकार विरळा, दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक रुग्ण. जॅक्सन यांनी १८६९ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले.

त्या फटीत चरबी आणि शिरांचे जाळे असते. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे खोकला, शिंक किंवा कुंथणे यांनी वाढलेला दाब थेट त्यांच्यापर्यंत पोहोचतो. शीर फुटते असे बहुतेक जण मानतात. पण शिरेतल्या एवढ्याशा दाबाने मेरुरज्जू इतक्या झपाट्याने कसा दाबला जाईल, असे विचारून काहींनी रोहिणीकडे बोट दाखवले आहे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, हिमोफिलिया, रक्तवाहिन्यांची जन्मजात गुंतागुंत ही ज्ञात कारणे. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

सुरुवात मान किंवा पाठीतल्या अचानक, असह्य कळेने होते. उसण भरली म्हणून शेक घेण्यात पहिले तास जातात. मग हातापायांतली शक्ती जाते, बधिरपणा येतो, लघवी अडते. कधी शरीराची एकच बाजू लुळी पडते आणि पक्षाघाताचा संशय येतो. ही चूक सर्वांत घातक, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवण्यासाठी देतात ते इंजेक्शन इथे रक्तस्राव वाढवते. मानेत कळ आणि चेहरा मात्र शाबूत, एवढी खूण सावध व्हायला पुरेशी असावी.

निदान एमआरआयने होते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम तातडीने उलटवावा लागतो : वॉरफरिनसाठी जीवनसत्त्व के आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांचे मिश्रण, हेपॅरिनसाठी प्रोटामिन. मुख्य उपचार म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीचे हाड काढून गुठळी उपसणे. संवेदना व हालचाल पूर्ण गेली असेल तर शक्यतो १२ तासांच्या आत, थोडी शिल्लक असल्यास ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत सुधारणा अधिक दिसते. तरी ही मर्यादा ‘तोवर थांबता येते’ अशी वाचू नये. शक्ती आपणहून झपाट्याने परतत असेल, तर कडक देखरेखीखाली शस्त्रक्रिया टाळता येते. शस्त्रक्रियेपूर्वी पायात किती बळ उरले होते, यावर पुढचे चालणे बरेचसे अवलंबून असते.