मुद्देमाल आणि मालखाना : गुन्ह्यातील बंदुकीच्या विल्हेवाटीचा इतिहास

गुन्ह्यात वापरलेल्या बंदुकीचे पुढे काय होते, हा प्रश्न वरकरणी पोलीस ठाण्याच्या कोठीपुरता वाटतो. प्रत्यक्षात सशस्त्र प्रजेकडे राज्यसंस्था कोणत्या दृष्टीने पाहत आली, याचा इतिहास त्यात सामावलेला आहे. रायपूरच्या संदर्भात तो तपासणे उद्बोधक ठरते.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन छत्तीसगड कंपनीच्या अमलाखाली आले. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना रायपुरात फाशी देण्यात आली. पाठोपाठ १८ जानेवारी १८५८ रोजी तेथील पलटणीतील हनुमानसिंह यांनी सार्जंट मेजर सिडवेल यास ठार केले. ते स्वतः निसटले. त्यांच्या १७ साथीदारांना मात्र फाशी झाली. देशभरातील अशा उठावांनी राज्यकर्त्यांच्या मनात निर्माण केलेल्या धास्तीचे कायदेशीर रूप म्हणजे १८७८ चा शस्त्र अधिनियम होय. त्यातील जप्तीमागे न्यायापेक्षा निःशस्त्रीकरणाचा हेतू प्रबळ होता.

संविधानाने शस्त्रे हा विषय केंद्रसूचीत, फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आणि पोलीस राज्यसूचीत ठेवले. अमेरिकेतील केंटकी राज्यात जप्त बंदुकांचा परवानाधारक विक्रेत्यांना लिलाव होतो. तशी राज्यागणिक वेगळी धोरणे आपल्याकडे त्यामुळे उद्भवली नाहीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३२ नुसार दोषसिद्धीनंतर न्यायालय शस्त्र सरकारजमा करू शकते; परंतु अपिलात दोषसिद्धी रद्द झाल्यास तो आदेशही निरर्थक ठरतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५२ ने नाश, सरकारजमा करणे अथवा हक्कदारास परत देणे असे मार्ग दिले आणि अपील निकाली निघेपर्यंत अंमलबजावणी थांबवली. १ जुलै २०२४ पासून हीच व्यवस्था भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९८ मध्ये आहे. वसाहतकालीन धास्तीच्या जागी आरोपीच्या हक्काचा विचार आला, तो येथे.

१८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रशासनाखाली होते. तरीही मराठी दप्तरात जप्त वस्तू 'मुद्देमाल' म्हणून ओळखली जाते, तर रायपूरच्या हिंदी दप्तरात तिच्या जागेचे नाव 'मालखाना' ठळकपणे वावरते. पहिला शब्द वस्तूचे प्रयोजन सांगतो, दुसरा केवळ तिचे स्थान. प्रयोजन विसरून स्थानच उरले की काय घडते, हे सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात दिसले. तेथे ठाण्यातील मुद्देमाल बदलल्याचा आरोप खुद्द पोलिसांवरच होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पंचनामा आणि छायाचित्रे यांचा आधार घेऊन वस्तू ठाण्यात विनाकारण पडून राहू देऊ नयेत, असे बजावले.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी जगदलपूर येथे २१० माओवाद्यांनी १५३ शस्त्रांसह आत्मसमर्पण केले. अशी शस्त्रे वितळवणे सोपे आहे. परंतु बस्तरमध्ये कोणती बंदूक कोणाकडून लुटली गेली आणि कोणावर चालली, याची साक्ष अनेकदा तिच्याखेरीज अन्य कोणी देऊ शकत नाही. म्हणून विल्हेवाटीपूर्वी नोंद, ही केवळ दप्तरी औपचारिकता नसून मृतांप्रती न्यायाचे कर्तव्य आहे.