समुद्र नाही, मीठ नाही, तरी चंद्रपूर-गडचिरोलीत पार्किंगच्या खांबातली सळई का गंजते?

पार्किंगच्या खांबाला उभी भेग दिसली की बहुतेक सोसायट्या मिस्त्री बोलावतात. तो भेगेत सिमेंट भरतो, वरून रंग मारतो आणि विषय संपतो. दोन-तीन पावसाळ्यांनी तीच भेग परत दिसते, आधीपेक्षा रुंद. कारण आतली सळई गंजून फुगलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो.

गंज म्हटलं की आपल्याला किनारपट्टी आठवते. पणजीचा मांडवी पूल १९७० मध्ये सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाऱ्या हवेत त्याच्या आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते चाकांना चिकटून पार्किंगमध्ये येतं. आपल्याकडे यातलं काही नाही. इथे काम करते ती साधी हवा.

ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२.५ च्या वर. त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतो, त्यातल्या चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच ९ च्या आसपास उतरवतो. हा बदल सळईपर्यंत पोहोचला की संरक्षक थर जातो. मग फक्त ओल मिळायची खोटी.

या प्रवासाचं गणित मजेशीर आहे. खोली दुप्पट असेल तर वेळ चौपट लागतो. म्हणजे सळईवर ४० मिलिमीटर काँक्रीट असेल आणि तिथे हवा पोहोचायला समजा ६० वर्षं लागणार असतील, तर त्याच काँक्रीटच्या २० मिलिमीटर थराला १५ वर्षंच पुरतात. या थराला बांधकामावर ‘कव्हर’ म्हणतात. आयएस ४५६ या भारतीय मानकात नेहमीच्या खांबांना किमान ४० मिलिमीटर कव्हर सांगितलंय. आळीपाळीने भिजणाऱ्या आणि वाळणाऱ्या भागांना, म्हणजे उघड्या पार्किंगच्या वरच्या स्लॅबसारख्या ठिकाणी, ४५ मिलिमीटर आणि किमान एम-३० काँक्रीट. कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली गिट्टीचा तुकडा सरकवला, की तो काँक्रीट ओतताना हलतो आणि सळई साच्याला टेकते. दोन-चार रुपयांची ही बचत पुढे लाखांत पडते.

दुसरी चूक उन्हाची. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि पावसाळ्याआधी स्लॅब टाकायची घाई तेव्हाच असते. काँक्रीटला पुरेसं पाणी मिळालं नाही तर वरचा थर सच्छिद्र राहतो, आणि कव्हर म्हणजे नेमका तोच थर. इथे आणखी एक स्थानिक बाब आहे. हा औष्णिक वीज केंद्राचा आणि सिमेंट कारखान्यांचा जिल्हा. विजेच्या कोळशाची राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट सर्रास वापरलं जातं. ते वाईट अजिबात नाही. नीट पाणी मिळालं तर ते काँक्रीट जास्त घट्ट होतं. पण ते सावकाश पक्कं होतं, म्हणून कोरड्या, उष्ण हवेत त्याला किमान १४ दिवस पाणी द्यावं असं मानक सांगतं. ओलं गोणपाट गुंडाळलेले खांब आपल्याकडे चौथ्या दिवशीच कोरडे दिसतात.

पुढचं काम पावसाळा करतो. ओली गाडी आत येते, पाणी ठिबकतं, कुणी तिथेच गाडी धुतं, आणि फरशीला उतार नसेल तर ते खांबाच्या पायथ्याशी साचतं. खालच्या खांबांवर अख्ख्या इमारतीचा भार असतो, हे इथे विसरून चालत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे २४ जून २०२१ रोजी निवासी इमारत कोसळून ९८ जण गेले. तळघरातल्या पार्किंगवरच्या छताचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि काँक्रीट खराब होतंय, हे २०१८ च्या तपासणी अहवालात लिहिलेलं होतं. त्या दुर्घटनेला मूळ रचनेतल्या उणिवाही जबाबदार होत्या, पण गळती दिसत होती, हे खरं.

आपलं पार्किंग तपासायचं तर पावसाळ्यानंतर टॉर्च घेऊन फिरा. सळईच्या रेषेत जाणारी भेग, तपकिरी डाग, फुगलेला गिलावा बघा. हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज आला की आतला थर सुटलाय. इंजिनिअर ताज्या फोडलेल्या जागी फेनॉलफ्थॅलीन फवारतो. गुलाबी झालं तर काँक्रीट शाबूत, रंग आला नाही तर हवा तिथवर पोहोचली. चाचणी स्वस्त आहे आणि उत्तर मिनिटभरात मिळतं.

दुरुस्तीत खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढावं लागतं, नुसतं पुढून खरवडून भागत नाही. गंज पूर्ण घासून, सळईला गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टर भरतात. सळई बरीच झिजली असेल तर जोडीला नवी बांधतात. शेवटी कार्बन डायऑक्साइड अडवणारा रंग. आणि खांब फोडण्याआधी वरच्या बीमला टेकू लावलेत का, हे ठेकेदाराला विचाराच. टेकूंचा आराखडा इंजिनिअरकडून लेखी घ्या.