हातघाईची विद्या

इंग्रजी विद्येवर पोसलेल्या आम्हां लोकांस इंग्रजांच्या खिलाडूपणाचें, पडलेल्या प्रतिपक्ष्यावर हात न उगारण्याच्या त्यांच्या बाण्याचें, मोठें कौतुक वाटत आलें आहे. म्हणून १९४० सालीं त्याच इंग्लंडनें आपल्या शिपायांस हातघाईची जी विद्या शिकविली, तिचा इतिहास वाचतांना आम्ही प्रथम चपापलों. नियम विसरा, हाच तिचा पहिला धडा!

ही विद्या जन्मली ती रणांगणावर नव्हे, तर शांघायच्या गल्ल्यांत. विल्यम फेअरबेर्न (१८८५–१९६०) हा मरीन दलांतील तरुण १९०७ सालीं तेथील म्युनिसिपल पोलिसांत दाखल झाला. परकीयांनीं चीनच्या भूमीवर वसविलेल्या त्या वस्तींत व्यापार जितका भरभराटीचा, तितकीच गुंडगिरीहि. फेअरबेर्ननें जपानी जुजुत्सु व जुदो यांचा अभ्यास केला आणि रस्त्यावरील मारामारींत उपयोगी पडेल तेवढेंच वेंचून ठेवलें. या पद्धतीस त्यानें 'डिफेंडू' असें नांव दिलें. १९२५ सालीं त्याच नांवाचें त्याचें पुस्तक निघालें. त्याच वर्षीं ३० मे रोजीं त्याच पोलिसांनीं निःशस्त्र चिनी निदर्शकांवर गोळीबार केला. गोळ्या झाडणाऱ्यांत आपल्या देशांतून गेलेले शीख शिपाईहि होते. या विद्येच्या पाठीशीं कोणती सत्ता उभी होती, हें त्यावरून ध्यानांत यावें.

जून १९४० मध्यें इंग्रज सैन्य डंकर्कहून अवजड शस्त्रें टाकून परतलें. शत्रूच्या किनाऱ्यावर छापे घालण्यासाठीं चर्चिलनें नवीं दलें मागितलीं. त्यांस बोअरांच्या पथकांवरून 'कमांडो' हें नांव मिळालें. नांव जुन्या शत्रूचें, विद्या वसाहतींतील पोलिसांची! फेअरबेर्न व त्याचा शांघायमधील सहकारी एरिक साइक्स हे पन्नाशी उलटलेले दोघे गृहस्थ स्कॉटलंडांत लॉखायलॉर्ट येथें शिक्षक झाले.

आमच्या आखाड्यांतील पहिलवान एकेक डाव वर्षानुवर्षें घोटतो. येथें अवधि थोडा, म्हणून डावहि मोजके: तळहाताच्या कडेचा फटका, हनुवटीखालीं तळव्याचा तडाखा, गुडघ्याचा आघात. अंग भीतीनें कांपत असतां नाजूक डाव आठवत नाहींत. ढोबळ तेवढे हातांत राहतात, हें त्यांतील मर्म. दोघांनीं आखलेला दुधारी, निमुळता खंजीर विल्किन्सन कंपनी १९४१ पासून घडवूं लागली. १९४२ सालीं अख्नाकॅरी येथें कमांडोंची स्वतंत्र शाळा निघाली. त्याच सालीं फेअरबेर्न कॅनडास गेला व ही विद्या अमेरिकनांपर्यंत पोंचली.

१८ ऑक्टोबर १९४२ रोजीं हिटलरनें हुकूम सोडला: हातीं आलेले कमांडो, शरण आले तरी, मारून टाकावे. न्यूरेंबर्गच्या न्यायालयानें हा हुकूम पुढें बेकायदा ठरविला. येथें एक भेद नीट पाहिला पाहिजे. फेअरबेर्ननें सोडले ते खेळाचे नियम. शरणागतास जीवदान देणें हा युद्धाचा धर्म आहे, आणि हिटलरनें तोच मोडला. पहिल्यास दुसऱ्याच्या पंक्तीस बसवितां येत नाहीं.

तरीहि आमचें चपापणें भाबडेपणाचेंच होतें, असें आतां वाटतें. खिलाडूपणा हा इंग्रजांचा घरच्या मैदानावरील धर्म. वसाहतीच्या गल्लींत तो कधींच चालत नव्हता. १९४० सालीं भय उंबऱ्याशीं आलें, तेव्हां बाहेरची रीत घरांत आली, इतकेंच.