शेवटाची कैफियत

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा खेळाडूच्या निर्णयाने कथेचा शेवट खरोखर बदलतो काय, हा प्रश्नच संभवत नव्हता; कारण मेजाशी बसलेला सूत्रधार हाडामांसाचा मनुष्य असे, आणि खेळाडूने काही अकल्पित केलेच, तर तोही ऐन वेळी तितकेच अकल्पित उत्तर रचू शके. संगणकापाशी ही प्रतिभा नव्हती. पडद्यावर जे घडावयाचे ते सारे आगाऊ लिहून ठेवणे भाग. आणि कथेत दहा ठिकाणी दोन-दोन वाटा फोडल्या, तरी हिशेबाने १,०२४ कथा होतात. म्हणून फुटलेल्या वाटा थोड्याच अंतरावर पुन्हा हमरस्त्याला आणून मिळवण्याचा प्रघात पडला, आणि आपल्याला मुखत्यारी दिली ती नावापुरतीच, ही खेळाडूची तक्रारही त्याच्याच पोटी जन्मली.

या पेचातून, माझ्या मते, सर्वांत शहाणा मार्ग १९९७ साली ‘इंटरप्ले’च्या ‘फॉलआउट’ने काढला. अणुयुद्धाने उजाड झालेल्या कॅलिफोर्नियात भुयारातून बाहेर पडलेल्या नायकाची ही कथा. त्याने संकट निवारले, तरी भुयाराचा अधिकारी त्याला परत आत घेत नाही. हा मुख्य शेवट बहुतांशी अढळ. परंतु त्याच्या जोडीला पडद्यावर एकामागून एक स्थिर चित्रे येतात, आणि रॉन पर्लमन या नटाच्या खर्जातील आवाजात शेडी सँड्स, जंकटाउन, नेक्रोपोलिस अशा एकेका वस्तीचे पुढे काय झाले ते सांगितले जाते. जणू गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी दरबारी लिहून दिलेल्या कैफियतीच. यात लेखनाचा गुणाकार टळून बेरीज उरते: चार गावांच्या दोन-दोन हकिकती म्हणजे लिहावयाचे मजकूर आठ, पण त्यांच्या जुळण्या सोळा.

जंकटाउनची हकिकत तर मूळ आराखड्यात अधिक तिखट होती. जुगारअड्ड्याचा मालक गिझ्मो याच्या अमलाखाली गाव भरभराटीस यावे आणि न्यायप्रिय किलियनच्या हाती ते जाचक शिस्तीत गुदमरावे, असे योजिले होते. प्रकाशनापूर्वी ते फिरवून सज्जनाच्या पदरी यश घालण्यात आले. मला तो बदल भ्याडपणाचा वाटतो.

पुढे कॅनडातील ‘बायोवेअर’ने ‘मास इफेक्ट’च्या तीन भागांत, २००७ पासून २०१२ पर्यंत, खेळाडूचे निर्णय एका भागातून दुसऱ्या भागात वाहून नेले; रॅक्नाय या परग्रही जमातीच्या राणीला जीवदान दिले की नाही, याचीही नोंद दप्तरी राहिली. इतक्या वर्षांचा हा जमाखर्च शेवटी बव्हंशी युद्धबळाच्या एका आकड्यात जिरला, आणि कळसास तीन पर्याय पुढे आले, ज्यांची दृश्ये मुख्यतः तांबड्या, निळ्या व हिरव्या रंगानेच निराळी ओळखू यावीत! खेळाडूंनी एवढा गहजब केला, की जून २०१२ मध्ये कंपनीला विस्तारित शेवट विनामूल्य द्यावा लागला. त्यात काय होते? निवेदकाचा आवाज, आणि नायकाने ज्यांचे भवितव्य घडवले वा बिघडवले त्या लोकांची स्थिर चित्रे. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची ‘फॉलआउट’चीच रीत.

सारांश, जगाचा शेवट खेळाडूच्या हाती फारसा कधी नव्हता. जंकटाउनचा मात्र होता, आणि खेळाडूने जाब मागितला तो अशाच गावांचा.