अनोळखी प्रतिवादीची कुळकथा

शुक्रवारी सिनेमा लागतो आणि शनिवारी त्याची लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. मूळ चोर कोण, ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून निर्माते प्रदर्शनाआधीच अज्ञात माणसांविरुद्ध मनाई हुकूम मिळवतात. परदेशात त्या अज्ञाताला ‘जॉन डो’ म्हणतात, आपल्याकडे ‘अशोक कुमार’.

कायद्याचे जाणकार या हुकुमाचं मूळ इंग्लंडमधल्या जमिनीच्या दाव्यांत दाखवतात. नाव तिथलंच, पण कूळ तिथलं नव्हे. त्या दाव्यांतला जॉन डो वादी असे, तोही निव्वळ कागदावरचा. 1852 च्या कायद्याने ती पद्धत संपली. आपला अशोक कुमार प्रतिवादी आहे आणि हाडामांसाचा आहे, फक्त सापडत नाही.

माझ्या मते त्याचा खरा पूर्वज 1980 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत भेटतो. गायक बिली जोएलच्या कार्यक्रमाबाहेर त्याच्या नावाचे बनावट टी-शर्ट विकले जाणार होते. कार्यक्रम संपला की विक्रेते पांगणार. मग सकाळी दावा कुणावर लावायचा? न्यायालयाने अनोळखी विक्रेत्यांचा माल जप्त करण्याचा आदेश दिला. चोर अनोळखी आणि वेळ एका रात्रीची, ही जोडी तिथे जुळली.

तीच जोडी 2002 च्या फुटबॉल विश्वचषकात दिसते. परवान्याविना सामने दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने असा आदेश दिला, तोही परदेशी पायंड्यांच्या आधाराने. 2011 मध्ये ‘सिंघम’च्या वेळी तो इंटरनेटवर पोहोचला.

गफलत इथेच झाली. टी-शर्ट जप्त केले म्हणून मिलवॉकीचा सगळा रस्ता बंद पडला नव्हता. 2012 मध्ये मात्र मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इंटरनेट कंपन्यांनी ‘व्हिमिओ’सारखी अख्खी संकेतस्थळं अडवली. चोरीशी संबंध नसलेल्यांचे व्हिडिओही त्यात अडकले. फक्त नेमक्या लिंकच अडवा, हा खुलासा न्यायालयाला जूनमध्ये करावा लागला. 2016 मध्ये ‘ढिशूम’च्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनीही एकेक लिंक तपासून आणण्याचा आग्रह धरला.

एक लिंक अडवली की दुसरी उगवते, हे निर्मात्यांचं म्हणणं खरंच आहे. दिल्लीने 2019 मध्ये चोरीवरच जगणारी संकेतस्थळं आणि त्यांच्या नव्या प्रती अडवायची वाट दिली, तीही त्याच कारणाने. पण ज्या संकेतस्थळावर लोकांचं स्वतःचं कामही असतं, तिथे मिलवॉकीचीच मर्यादा हवी: नेमका माल, ठरलेली मुदत. अशोक कुमार सापडत नाही म्हणून त्याच्या शेजाऱ्यांना शिक्षा देता येत नाही.